ग्रामसभेत ठराव कसा मांडावा, कसा लिहून घ्यावा आणि कसा तडीस न्यावा

गेली काही वर्षे ग्रामसभांना नियमितपणे बसत असताना एक गोष्ट वारंवार दिसली आहे. ज्या विषयावर सर्वांत जास्त आवाज चढतो, तो विषय बहुधा पुढच्या वर्षीही जागच्या जागीच असतो. आणि ज्या विषयाचा अर्ज सभेच्या पंधरवडाभर आधी ग्रामपंचायतीत पोचलेला असतो, ज्याचा ठराव जागा, माप, निधी आणि मुदत यांसह लिहिला गेलेला असतो, तो विषय फारशी चर्चा न होताही मार्गी लागतो. महाराष्ट्रात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत आणि त्या प्रत्येकीत ग्रामसभा भरते. तेथे जाणाऱ्या सामान्य मतदाराला नेमके काय करायचे हे माहीत असावे, एवढ्यासाठी हा लेख आहे.

विवेचन हवेत राहू नये म्हणून एक कल्पित उदाहरण शेवटपर्यंत धरून ठेवतो. समजा, चौदाशे मतदारांच्या एका गावात खालच्या आळीत चौतीस घरे आहेत, त्यांचे न्हाणीघराचे आणि स्वयंपाकघराचे सांडपाणी रस्त्यावरून वाहत हातपंपाच्या ओट्याशी साचते, आणि गेली तीन वर्षे प्रत्येक सभेत कोणी ना कोणी उठून त्याबद्दल बोलते.

आधी सभा ओळखावी

पुष्कळ लोक मासिक सभा आणि ग्रामसभा यांत गल्लत करतात आणि त्यामुळे विषय चुकीच्या दारात जातो. मासिक सभा ही निवडून आलेल्या सदस्यांची असते, ती दर महिन्याला व्हावी लागते आणि तेथे दैनंदिन कारभाराचे निर्णय होतात. ग्रामसभा ही गावातील सर्व मतदारांची असते. मतदार यादीत नाव असलेली प्रत्येक व्यक्ती तिची सदस्य असते, मग ती घरपट्टी तिच्या नावावर भरत असो वा नसो. लग्न होऊन गावात आलेल्या अनेक स्त्रियांची नावे वर्षानुवर्षे माहेरच्याच यादीत राहतात, आणि त्यामुळे त्या सभेत बसल्या तरी गणपूर्तीत किंवा मतात धरल्या जात नाहीत. म्हणून आळीतील प्रत्येक घराने यादीतील नावे तपासून घेणे ही खरी पहिली पायरी आहे.

१९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनात्मक स्थान दिले. ती दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली. महाराष्ट्रात या सभेचे काम १९५८ च्या महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार चालते. त्यातील कलम ७ सभा कधी व कशा घ्याव्यात हे सांगते, कलम ८ आर्थिक वर्षातील पहिल्या सभेपुढे काय ठेवावे हे सांगते आणि कलम ८अ ग्रामसभेचे अधिकार व कर्तव्ये सांगते. विकास योजनांना मान्यता देणे, त्यांवरील खर्चाला परवानगी देणे आणि वैयक्तिक लाभाच्या योजनांसाठी लाभार्थी निवडणे ही कामे ग्रामसभेकडे येतात. ही तीन कलमे मिळून चारपाच पानांचाही मजकूर होत नाही. गावातील दोघांनी तरी ती मराठीत वाचून ठेवावीत, कारण सभेत "कायद्यात असे नाही" हे वाक्य फार सहज उच्चारले जाते आणि समोर अधिनियमाची प्रत असली की ते तितक्या सहज उच्चारले जात नाही.

कोणत्या सभेची वाट पाहावी

वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. पुरेशा कारणाशिवाय त्या टाळणे सरपंचपदाला धोक्यात आणणारे आहे. प्रथेप्रमाणे १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि २६ जानेवारी या दिवसांच्या आगेमागे या सभा होतात. परंतु चारही सभा सारख्या कामाच्या नसतात.

आर्थिक वर्षातील पहिल्या सभेपुढे मागील वर्षाचा जमाखर्च, प्रशासन अहवाल, लेखापरीक्षणातील शेरे व त्यांना दिलेली उत्तरे आणि चालू वर्षाचा कार्यक्रम ठेवणे बंधनकारक आहे. हिशेब विचारायचा असेल तर ही सभा चुकवू नये. १५ ऑगस्टच्या सभेत अनेक गावांत तंटामुक्त समितीच्या अध्यक्षपदाची निवड होते आणि त्या चुरशीत बाकीचे विषय अक्षरशः बुडतात, त्यामुळे महत्त्वाचा विषय शक्यतो त्या दिवशी ठेवू नये. २ ऑक्टोबरपासून पुढच्या वर्षाच्या ग्रामपंचायत विकास आराखड्याची तयारी सुरू होते. ज्या कामाला पैसा लागणार आहे, ते काम या आराखड्यात बसवून घेण्याची हीच वेळ असते, आणि आपल्या सांडपाण्याच्या विषयाला हीच सभा योग्य आहे.

येथे एक सूचना आग्रहाने करावीशी वाटते. बीड, अहिल्यानगर, जालना या भागांतील अनेक गावांतून ऊसतोड मजूर दिवाळीच्या सुमारास बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. अशा गावात त्यांच्या वस्तीशी संबंधित निर्णय २६ जानेवारीच्या सभेत घेणे म्हणजे तो त्यांच्या पाठीमागे घेणे होय. त्यांच्या वस्तीचे विषय ते गावात असतानाच्या सभेत घ्यावेत, अशी लेखी मागणी करायला काहीच हरकत नाही.

नियमित सभेपर्यंत थांबणे शक्य नसेल तर सरपंच स्वतःहून केव्हाही सभा बोलावू शकतात. जिल्हा परिषदेची स्थायी समिती, पंचायत समिती किंवा मुख्य कार्यकारी अधिकारी यांनी मागणी केल्यास तर ती बोलवावीच लागते. म्हणून सरपंच दाद देत नसतील तेव्हा ग्रामस्थांनी सह्यांचा अर्ज गटविकास अधिकाऱ्यांमार्फत वर पाठवावा.

कागद आणि मोजमाप

अर्ज लिहिण्यापूर्वी तीन गोष्टी हाताशी असाव्यात.

पहिली म्हणजे या विषयावर आधी झालेल्या ठरावांच्या नकला. इतिवृत्ताची वही, जिला सगळे प्रोसिडिंग बुक म्हणतात, ती पाहण्याची मागणी प्रथम तोंडी करावी. टाळाटाळ झाल्यास माहिती अधिकार अधिनियम, २००५ अन्वये दहा रुपये शुल्क भरून अर्ज करावा. उत्तराची मुदत तीस दिवसांची असल्याने हे काम सभेच्या दीड-दोन महिने आधी सुरू केले पाहिजे. जुना ठराव सापडला तर अर्धे काम झाले, कारण तेव्हा आपण नवी मागणी करत नसून राहिलेले काम विचारत असतो.

दुसरी म्हणजे पैशाची स्थिती. ग्रामपंचायतीचे हिशेब ठरावीक नमुन्यांत असतात: नमुना १ मध्ये अंदाजपत्रक, नमुना ५ मध्ये रोकडवही, नमुना ८ मध्ये घरांची कर आकारणी आणि नमुना ९ मध्ये कराची मागणी. सामान्य मतदाराने सगळे नमुने पाठ करण्याची गरज नाही, पण या चारांची नावे ठाऊक असली की कार्यालयात बोलणे सोपे होते. वित्त आयोगाच्या निधीतून मंजूर झालेली कामे आणि झालेला खर्च ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर गावाचे नाव निवडून कोणालाही पाहता येतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळात या निधीचा ६० टक्के भाग बंधित होता, म्हणजे निम्मा स्वच्छतेसाठी आणि निम्मा पिण्याचे पाणी, पावसाच्या पाण्याची साठवण व पाण्याचा पुनर्वापर यांसाठीच. उरलेला ४० टक्के अबंधित होता. समजा, गावाच्या वाट्याला वर्षाला दहा लाख रुपये आले, तर त्यांतले तीन लाख केवळ स्वच्छतेवरच खर्च करता येत होते. सांडपाण्याचे काम मागणाऱ्याला "पैसा नाही" असे उत्तर मिळते तेव्हा हे आकडे फार उपयोगी पडतात, कारण बंधित निधी पेव्हर ब्लॉकसाठी किंवा कमानीसाठी वळवता येत नाही. १ एप्रिल २०२६ पासून सोळाव्या आयोगाचा काळ सुरू होतो. त्यामुळे अर्ज करताना त्या वेळी लागू असलेल्या सूचना पंचायत समितीत विचारून घ्याव्यात.

याशिवाय ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून मागासवर्गीयांसाठी १५ टक्के, महिला व बालकल्याणासाठी १० टक्के आणि दिव्यांगांसाठी ५ टक्के रक्कम राखून ठेवायची असते. खालच्या आळीत यांपैकी कोणाची घरे असतील तर निधीचा तोही मार्ग तपासावा.

तिसरी गोष्ट म्हणजे प्रत्यक्ष मोजणी, आणि तिच्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. टेप घेऊन रस्त्याची लांबी मोजावी, घरे मोजावीत, पाणी कोठून येते व कोठे साचते याचा साधा हातनकाशा काढावा, आणि फोटो काढताना तारीख नोंदवून ठेवावी. हे करत असतानाच कोणता उपाय योग्य ठरेल हेही उलगडत जाते. आमच्याकडे सांडपाणी म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर लगेच बंदिस्त गटार येते. परंतु गटार पाणी नाहीसे करत नाही, ते पुढच्या माणसाच्या दारात किंवा ओढ्यात नेऊन सोडते. नांदेड जिल्ह्यातील अनेक गावांनी घरोघरी शोषखड्डे खोदून रस्त्यावरचे पाणीच बंद केले आणि त्याबरोबर डासही कमी केले, हे उदाहरण राज्यभर माहीत आहे. मात्र शोषखड्डा मुरमाड जमिनीत जितका चालतो तितका चिकट काळ्या जमिनीत चालत नाही, शौचालयाचे पाणी त्यात सोडता येत नाही, आणि विहीर किंवा हातपंपापासून तो किमान पंधरा मीटर दूर असावा लागतो. चौतीस घरांपैकी ज्यांच्याकडे परसदारी जागा आहे त्यांना वैयक्तिक खड्डे आणि ज्यांना जागा नाही त्यांच्यासाठी छोट्या नालीच्या शेवटी एक सार्वजनिक खड्डा, असा मिश्र उपाय बहुतेक आळ्यांना लागू पडतो. हा विचार सभेत तासभर भांडून होत नाही. तो आधी आळीत, ओट्यावर बसूनच करावा लागतो.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने ही रीत फार गंभीरपणे पाळली. तेथे निर्णय सर्वसहमतीने होतात आणि निर्णयाआधी अभ्यास गटात त्या विषयाची चर्चा होते. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांत मेंढा गणले जाते. त्यामागे वर्षानुवर्षे बसून केलेला हा अभ्यास होता.

अर्ज

अर्ज सरपंचांच्या नावे लिहावा आणि त्याची प्रत ग्रामसेवकांना द्यावी. ग्रामसेवक व ग्रामविकास अधिकारी ही दोन पदे २०२४ मध्ये एकत्र होऊन त्यांना ग्रामपंचायत अधिकारी हे नाव मिळाले असले, तरी गावात अजून ग्रामसेवकच म्हणतात. अर्जात तक्रार कमी आणि मागणी जास्त असावी. "येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर पुढील विषय घ्यावा" या वाक्याने सुरुवात करून विषयाचे शीर्षक आपणच लिहून द्यावे, म्हणजे ते जसेच्या तसे नोटिशीत उतरते. खाली मोजमाप, घरांची संख्या, सुचवलेला उपाय आणि जुन्या ठरावाचा क्रमांक द्यावा. सह्या घेताना नाव स्पष्ट अक्षरात आणि मतदार यादीतील अनुक्रमांकासह घ्याव्यात.

अर्ज दिल्यावर दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यावाच. शिक्का नसलेला अर्ज हा दिलेलाच नसतो, असे धरून चालावे. कार्यालय बंद असेल किंवा घेण्यास नकार मिळाला तर स्पीड पोस्टाने पाठवावा आणि पावती जपून ठेवावी.

नियमित सभेची नोटीस किमान सात दिवस आणि विशेष सभेची किमान चार दिवस आधी निघते. म्हणजे नोटीस तयार होण्याआधी, सभेच्या निदान पंधरा दिवस आधी अर्ज पोचला पाहिजे. "अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय" हा प्रत्येक विषयपत्रिकेतला शेवटचा रकाना असतो आणि पुष्कळ लोक त्याच्यावर विसंबून राहतात. तोवर अर्धे लोक उठून गेलेले असतात, आणि खर्चाचा विषय ऐनवेळी घेतला तर त्याला पुढे हरकत घेणेही सोपे जाते.

महिला सभा आणि गणपूर्ती

ग्रामसभेच्या आधी गावातील स्त्रियांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद अधिनियमातच आहे. अनेक ठिकाणी ती केवळ सह्यांच्या वहीत होते, आणि हे गावाचे मोठे नुकसान आहे, कारण पाणी, सांडपाणी, शौचालय, अंगणवाडी आणि रस्त्यावरचे दिवे यांची खरी माहिती स्त्रियांकडे असते. खालच्या आळीतील स्त्रियांनी महिला सभेत हा विषय मांडून तेथेच ठराव नोंदवून घेतला, तर दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत तो केवळ एका आळीची तक्रार म्हणून बाजूला सारता येत नाही. बचत गटाच्या बैठकीत आधी बोलणे झाले असेल तर महिला सभेला संख्या आपोआप येते.

ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे लोकांच्या भाषेत कोरम, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. पाचशे मतदारांच्या गावात ७५ लोक लागतात. आपल्या चौदाशेच्या गावात १५ टक्के म्हणजे २१० होत असले तरी शंभर पुरतात. गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब होते, आणि त्यानंतरच्या तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. अनेक गावांत महत्त्वाचे निर्णय अशाच तहकूब सभेत पंचवीस-तीस लोकांत होऊन जातात. सभा तहकूब झाली म्हणून घरी गेलेल्या माणसाने पुढची तारीख तेथेच विचारून घेतली पाहिजे आणि त्या दिवशी तर नक्कीच हजर राहिले पाहिजे. तहकूब सभेत मूळ विषयपत्रिकेबाहेरचा नवा विषय घेतला जात असेल तर लगेच हरकत नोंदवावी.

चौतीस घरांनी दोन-दोन माणसे आणली तरी अडुसष्ट होतात. आळीने ठरवले तर गणपूर्तीचा मोठा भाग ती एकटी भरू शकते.

सभेच्या दिवशी

वेळेवर जावे आणि हजेरीच्या वहीवर सही करण्याआधी वरचा मजकूर वाचावा. कोऱ्या पानावर किंवा सभेचा दिनांक नसलेल्या पानावर सही करू नये. पहिला विषय बहुधा "मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे" हा असतो आणि तो "वाचलेच समजा" म्हणून उरकला जातो. तेथे उठून, मागील इतिवृत्त खरोखर वाचून दाखवावे, अशी शांतपणे विनंती करावी. एकदा कायम झालेले इतिवृत्त बदलणे अवघड असते, म्हणून दुरुस्तीची जागा हीच आहे.

आपला विषय येईल तेव्हा एकानेच मांडावा आणि तो चार-पाच मिनिटांत मांडावा. बाकीच्यांनी अनुमोदन द्यावे, भर घालू नये. मांडणाऱ्याने कोणाही व्यक्तीचे, घराण्याचे किंवा मागच्या निवडणुकीचे नाव घेऊ नये, कारण छोट्या गावात प्रत्येक विषयाला भावकीची एक बाजू असते आणि एका शब्दावरून सांडपाण्याची चर्चा भलतीकडे वळते. विरोध बहुधा दोन ठिकाणांहून येतो: ज्याच्या दारावरून नाली जाणार आहे त्याच्याकडून आणि ज्या आळीचे काम मागे पडणार आहे तिच्याकडून. या दोघांशी सभेच्या आधी घरी जाऊन बोलून घेतलेले बरे; त्यांची अडचण खरी असेल तर उपाय बदलावा. सभेत सर्वांदेखत घेतलेली भूमिका माणसाला मागे घेता येत नाही, ओसरीवर चहा घेताना मात्र घेता येते.

एकमत न झाल्यास हात वर करून मत घ्यावे लागते. अशा वेळी बाजूचे आणि विरोधातले आकडे मोठ्याने सांगून लिहून घ्यावेत.

ठरावाचे शब्द

या भागावर मी सर्वांत जास्त भर देतो. एका गावात पाण्याच्या विषयावर दोन तास सभा झाली, सगळे एकमताने घरी गेले, आणि वहीत एकच ओळ उतरली: "पाणीपुरवठ्याबाबत योग्य ती कार्यवाही करण्यात यावी." मीही त्या सभेत होतो आणि ती ओळ वाचून न दाखवताच वही मिटली गेली, तेव्हा गप्प बसलो. कोणी, कोठे, किती, कोणत्या पैशातून आणि केव्हा, यांपैकी काहीच त्या ओळीत नव्हते. पुढे विचारणा झाली तेव्हा "कार्यवाही सुरू आहे" या उत्तरावर कोणालाच काही बोलता आले नाही.

म्हणून ठरावाचा मसुदा आपणच घरून लिहून न्यावा आणि चर्चेअंती त्यात आवश्यक ते बदल करून ग्रामसेवकांच्या हाती द्यावा. त्यांनाही हे सोयीचे असते, कारण गोंगाटात त्यांना एकाच वेळी ऐकायचे आणि लिहायचे असते. आपल्या उदाहरणातला मसुदा असा होईल:

"विषय क्रमांक ४ : खालच्या आळीतील सांडपाण्याची व्यवस्था करणेबाबत. खालच्या आळीत मारुती मंदिर ते हातपंप या सुमारे १८० मीटर रस्त्यावर ३४ घरांचे सांडपाणी उघड्यावर वाहत असून ते हातपंपाच्या ओट्याशी साचते. यावर सविस्तर चर्चा होऊन असे ठरले की, जागा उपलब्ध असलेल्या २१ घरांसाठी वैयक्तिक शोषखड्डे आणि उर्वरित १३ घरांसाठी बंदिस्त नाली व सार्वजनिक शोषखड्डा हे काम पुढील वर्षाच्या ग्रामपंचायत विकास आराखड्यात स्वच्छतेच्या बंधित निधीतून प्रथम प्राधान्याने घेण्यात यावे; कामाचे अंदाजपत्रक पंचायत समितीच्या अभियंत्यांकडून ३० नोव्हेंबरपर्यंत तयार करून घेण्याची जबाबदारी ग्रामपंचायत अधिकारी यांची राहील; हातपंपाच्या पाण्याची तपासणी पंधरा दिवसांत करून तिचा अहवाल सूचना फलकावर लावण्यात यावा; आणि झालेल्या कार्यवाहीचा अहवाल पुढील ग्रामसभेत वाचून दाखवण्यात यावा. सूचक, अनुमोदक. ठराव सर्वानुमते मंजूर."

यातील शेवटचे वाक्य विसरू नये. पुढील सभेत अहवाल वाचण्याचे बंधन ठरावातच असले की विषय पुन्हा शून्यापासून मांडावा लागत नाही. "प्रथम प्राधान्याने" हे शब्दही मुद्दाम घातले आहेत, कारण आराखड्यात कामांची यादी लांबलचक असते आणि निधी वरून खाली संपत जातो. सूचक आणि अनुमोदक म्हणून वेगवेगळ्या आळीतील व्यक्तींची नावे असतील तर ठरावाला अधिक वजन येते, आणि त्यांपैकी एक स्त्री असावी असे मला मनापासून वाटते. सभा संपण्यापूर्वी ठराव मोठ्याने वाचून घ्यावा आणि इतिवृत्त लिहून झाल्यावर त्याखाली रिकामी जागा राहिलेली नाही हे पाहावे.

समाजरीतीचे आणि गावाच्या नियमांचे ठराव

ज्या निर्णयांना निधी लागत नाही, त्यांनाही हाच नेमकेपणा लागतो. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा त्यात कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे अशा प्रथांची नावे घेतली होती. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींना तसाच विचार करण्याचे आवाहन केले. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे मुलांच्या अभ्यासासाठी संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास दूरचित्रवाणी आणि मोबाईल बंद ठेवण्याचे ठरले. "मुलांनी अभ्यास करावा" असा ठराव करून असे काही घडले नसते. हिवरे बाजारमध्ये दरवर्षी पाऊस आणि उपलब्ध पाणी यांचा ताळेबंद ग्रामसभेपुढे ठेवून त्यानुसार पिके ठरवली जातात, आणि सिंचनासाठी बोअरवेल घ्यायची नाही हा नियम लोकांनी पाळला आहे. आधी हिशेब आणि मग निर्णय, हा क्रम त्यांनी सोडला नाही.

दारूच्या दुकानाचा विषय मात्र केवळ ग्रामसभेच्या ठरावाने संपत नाही. स्त्रियांच्या मागणीवरून सह्यांची पडताळणी आणि गुप्त मतदान, म्हणजेच उभ्या व आडव्या बाटलीचे मतदान, अशी त्याची वेगळी पद्धत आहे, आणि ती राज्य उत्पादन शुल्क विभागामार्फत चालते. त्यामुळे सुरुवातीपासून त्या कार्यालयाशी पत्रव्यवहार ठेवावा.

काही ठराव मात्र ग्रामसभेला करताच येत नाहीत, मग सभेत कितीही हात वर होवोत. एखाद्या कुटुंबाशी व्यवहार तोडणे, विशिष्ट जातीच्या किंवा धर्माच्या माणसाला गावात राहू न देणे किंवा धंदा करू न देणे, आंतरजातीय लग्नावरून दंड लावणे, हे सर्व संविधानाविरुद्ध आहे. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा स्वतंत्र कायदाही आहे. अशा ठरावाची कुजबुज सभेआधी कानावर आली तर गटविकास अधिकारी आणि पोलीस ठाणे यांना लेखी कळवावे, आणि सभेत तो आलाच तर आपला विरोध नावानिशी नोंदवून घ्यावा.

अनुसूचित क्षेत्रातील गावे

राज्यातील तेरा जिल्ह्यांत पूर्णतः किंवा अंशतः अनुसूचित क्षेत्र, म्हणजे आदिवासीबहुल म्हणून घोषित केलेला भाग, आहे आणि तेथे १९९६ चा पेसा कायदा (अशा भागांतील पंचायतींसाठीचा कायदा) व २०१४ चे महाराष्ट्राचे नियम लागू आहेत. तेथे पाडा किंवा वस्ती स्वतःला स्वतंत्र गाव म्हणून घोषित करून आपली ग्रामसभा भरवू शकते, आणि आदिवासी उपयोजनेच्या निधीतील पाच टक्के रक्कम अशा गावांसाठी थेट येते. गौण वनोपज, गौण खनिज, जमीन आणि सावकारी यांबाबत तेथील ग्रामसभेचे अधिकार इतर गावांपेक्षा पुष्कळ व्यापक आहेत. त्यामुळे पेसा गावातील माणसाने या लेखातील अर्ज, नोटीस आणि ठराव यांच्या सूचना वापराव्यात, परंतु अधिकारांच्या बाबतीत पेसाचे नियम आधी वाचावेत.

ठरावानंतरचे दिवस

सभेनंतर आठवडाभरात ठरावाची प्रमाणित नक्कल मागावी. नक्कल मिळाल्यावर ती मसुद्याशी ताडून पाहावी आणि तफावत असेल तर त्याच दिवशी लेखी कळवावे. सभेत कोणी भ्रमणध्वनीवर चित्रण केले असेल तर ते जपून ठेवावे.

त्यानंतर काम कागदावर कोणत्या टप्प्यांतून जाते हे माहीत असले की चौकशी नेमकी करता येते. प्रथम ते आराखड्यात येऊन ई-ग्रामस्वराजवर दिसले पाहिजे. मग अभियंता जागेवर येऊन अंदाजपत्रक करतो. त्याला तांत्रिक मान्यता आणि प्रशासकीय मान्यता मिळते. मग कार्यारंभ आदेश निघतो, काम होते, मोजमाप पुस्तिकेत नोंद होते आणि देयक निघते. "आमच्या कामाचे काय झाले?" असे विचारल्यास "चालू आहे" हेच उत्तर येते, "तांत्रिक मान्यतेसाठी प्रस्ताव कोणत्या तारखेला आणि कोणत्या जावक क्रमांकाने पाठवला?" असे विचारल्यास उत्तर म्हणून एक तारीख तरी द्यावी लागते. अभियंता पाहणीला येईल त्या दिवशी आळीतील दोघांनी हातनकाशा घेऊन सोबत फिरावे. काम सुरू झाल्यावर कामाचे नाव, रक्कम, निधी आणि ठेकेदार लिहिलेला फलक लागला आहे का, आणि खड्डे हातपंपापासून ठरलेल्या अंतरावरच खोदले जात आहेत का, हे आळीनेच पाहायचे असते.

मुदत उलटली तर प्रथम ग्रामपंचायतीला स्मरणपत्र द्यावे, पंधरा दिवसांनी विस्तार अधिकाऱ्यांना आणि त्यानंतर गटविकास अधिकाऱ्यांना ठरावाच्या नकलेसह पत्र द्यावे, आणि तेथेही हालचाल न झाल्यास जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे जावे. पायऱ्या ओलांडून एकदम वर गेल्यास पत्र फिरून खालीच येते आणि गावातला कटुपणा मात्र वाढतो. ही सगळी पत्रे, शिक्क्यांच्या प्रती, फोटो आणि नकला एकाच फाइलमध्ये तारखेच्या क्रमाने ठेवाव्यात, आणि ती फाइल एका माणसाच्या घरी न राहता तिची दुसरी प्रत आळीतील आणखी एका घरी असावी.

मग पुढची ग्रामसभा येईल, पहिल्या विषयाला मागील इतिवृत्त वाचले जाईल, आणि ठराव क्रमांकावर बोट ठेवून अहवाल मागता येईल.